घरगुती शास्त्र : शौचपात्रावरील चुन्याचें पुट

पुण्याच्या एका नव्या उपनगरांतून एका वाचक-भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. पत्र लांब आहे. त्याचा मथितार्थ असा. त्यांचें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब पूर्वीं शहरांतील जुन्या वाड्यांत राहत असे. वाडा पाडावयास काढल्यामुळें सारें बिऱ्हाड गेल्या वर्षीं गांवाबाहेरच्या एका उंच इमारतींत गेलें. तेथें नळास येणारें पाणी निम्में कूपनलिकेचें आणि निम्में टँकरचें. सहा महिन्यांत संडासाच्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांत पाण्याच्या रेषेपाशीं पिंवळट-करडें कडें जमलें, कांठाखालून ओघळ उतरले, आणि घरांतील वडील मंडळी म्हणूं लागलीं कीं, जुन्या घरीं असें कधीं झालें नाहीं, आतांच्या सुनांचे हात चालत नाहींत. भगिनी लिहितात, "रोज घांसतें. बोटें सोलून निघालीं. बाजारांतील अ‍ॅसिड झालें, ब्लीचिंग पावडर झाली, एकदां दोन्ही एकत्रहि टाकून पाहिलीं. तेव्हां असा ठसका लागला कीं दार उघडून बाहेर पळावें लागलें. आतां काय करावें?"

विषय आमच्या या पृष्ठांस शोभणारा नाहीं असें कित्येकांस वाटेल. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, पातंजल योगसूत्रांनीं नियमांची गणना करतांना शौचास पहिलें स्थान दिलें आहे. देवघरांतील समईच्या काजळीविषयीं ज्या घरांत तासभर काथ्याकूट होतो, त्याच घरांत शौचकूपाची गोष्ट निघाली कीं सर्वांच्या माना फिरतात, ही रीत आम्हांस कधींच पटलेली नाहीं.

पत्रांतील शेवटच्या वाक्याचें उत्तर मात्र आधीं दिलें पाहिजे, कारण तें डागाचें नसून जिवाचें आहे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर हीं दोन्ही एकत्र येतांच क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालच्या एप्रिल महिन्यांत बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्यानें शत्रूवर जो पिंवळट-हिरवा वायु सोडला, तोच हा. रणभूमी मोकळी असते. आपला संडास चार फूट रुंद, वरच्या बाजूस वीतभर झरोका, आणि साफ करणारें माणूस दार लोटून भांड्यावर ओणवें झालेलें. हवेहून जड असलेला हा वायु खालींच साचून राहतो आणि श्वासनलिकेस व फुप्फुसांस जाळतो. ज्यांस दमा आहे त्यांस थोडा वायुहि भोंवतो. ब्लीचिंग पावडर एका दिवशीं आणि अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशीं, मध्यें भरपूर पाणी, एवढें अंतर तर हवेंच. आणि चुन्याच्या डागास ब्लीचिंग पावडरीचा उपयोग काडीइतका नाहीं हें पुढें दिसेलच. चुकून वायु सुटला तर आंत थांबून पाणी ओतीत बसूं नये. बाहेर मोकळ्या हवेंत यावें, आणि खोकला किंवा छातींतील आवळल्यासारखें वाटणें थांबलें नाहीं तर विलंब न करतां वैद्यकीय साहाय्य घ्यावें.

आतां दोष कोणाचा तें पाहूं. दोष सुनांचा नाहीं, जमिनीचा आहे. आणि जमिनीचाहि म्हणणें अन्यायाचें, कारण तिनें आपला स्वभावच दाखविला. खडकवासल्याचें पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचें. तें धरणांत उघड्यावर सांठतें, खडकाशीं त्याचा सहवास थोडा. कूपनलिकेचें पाणी पावसाचेंच, परंतु तें मातींतून व काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षें झिरपत खालीं गेलेलें. मातींतून जातांना त्यांत कर्बद्विप्राणिल वायु विरघळतो, पाणी किंचित् अम्ल होतें, आणि असें पाणी खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्यांत ओढून घेतें. दख्खनच्या काळ्या जमिनींत जागोजाग चुनखडीचे खडे सांपडतात हें शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याच चुनखडीचा चुना भाजून, घाणीवर मळून, आपल्या पूर्वजांनीं वाडे बांधले. तीच आतां नळावाटे घरांत येते.

अशा पाण्यास शालेय पुस्तकांत दुष्फेन म्हणतात. ज्यांत फेंस कष्टानें येतो तें दुष्फेन, सुखानें येतो तें सुफेन. व्याख्या नांवांतच आहे, असे शब्द मुलांस पाठ करावे लागत नाहींत. परीक्षाहि सोपी. एका बाटलींत निम्में पाणी घेऊन त्यांत साध्या साबणाचा कीस घालावा (कपड्यांच्या आधुनिक पावडरी चालणार नाहींत) आणि हलवावें. सुफेन पाण्यांत फेंस उभा राहतो. दुष्फेन पाण्यांत दह्यासारखा सांका धरतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकांत पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य मानली असून, दुसरा पाणवठाच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असें आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा तर या बाबतींत प्रसिद्धच आहे, जरी तेथील दुःख केवळ चुन्याचें नसून मिठाचेंहि आहे.

आमच्या भगिनींच्या घरचा हिशेब मांडून पाहूं. अकरा माणसांत दिवसाकाठीं ३०० लिटर पाणी त्या एका भांड्यांतून जातें असें धरलें, आणि पाण्याची कठीणता लिटरमागें ५०० मिलिग्रॅम धरली, तर रोज १५० ग्रॅम, महिन्यास साडेचार किलो चुनखडीइतका क्षार त्या भांड्यावरून वाहत जातो. त्याचा शतांश जरी मागें राहिला तरी महिन्यास ४५ ग्रॅम! हा हिशेब वडील मंडळींनीं स्वतः कागदावर करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. जुन्या वाड्यांत याच सुना हेंच भांडें याच हातांनीं घांशीत होत्या.

क्षार विरघळलेला असतां तो भांड्यास चिकटतो कसा? पाण्यांत तो बायकार्बोनेटच्या रूपानें असतो. पाणी उघड्यावर राहिलें, सुकलें किंवा तापलें कीं त्यांतील वायु उडून जातो आणि जें उरतें तें कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. संस्कृतांतील खटिका तीच आपला खडू झाली. आमचा सारा जन्म फळ्यापाशीं गेल्यामुळें या पदार्थाविषयीं आम्हांस थोडी आपुलकीच आहे. मात्र आजकाल शाळांतून मिळणारा खडू पुष्कळदां जिप्समचा असतो. व्हिनेगरचे चार थेंब टाकावे. बुडबुडे आले तर खरी खटिका, न आले तर जिप्सम. हीच परीक्षा भांड्यावरील पुटासहि लावावी.

परंतु संडासांतील पुट निव्वळ खटिकेचें नसतें. मूत्रांतील युरियापासून जंतूंच्या योगानें अमोनिया होतो, त्यानें पाणी अल्कधर्मी बनतें, आणि अशा पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे फॉस्फेट क्षारहि खालीं बसतात. पिंवळट-तपकिरी रंग आणि जाता जात नाहीं अशी दुर्गंधि यांचें मूळ येथें आहे. पाणी वांचविण्याकरितां रात्रीं भांड्यांत पाणी न सोडण्याची सवय कांहीं घरीं असते. दुष्फेन पाण्याच्या गांवीं ती महागांत पडते. तांबूस ओघळ असतील तर पाण्यांत लोखंड आहे असें समजावें.

आतां ब्लीचिंग पावडरीविषयीं. तिनें रंग जातो, पुट जात नाहीं. पिंवळें कडें पांढरें होतें आणि पांढऱ्या भांड्यावर तें डोळ्यांस दिसेनासें होतें, म्हणून गृहिणीस वाटतें काम झालें. बोट फिरवून पाहावें. खरखर तशीच असते, आणि त्या खरखरींत आठ दिवसांत मळ पुन्हां भरतो. शिवाय ब्लीचिंग पावडर ही स्वतः चुन्यापासूनच बनविलेली. चुन्याच्या डागावर आणखी चुना टाकण्याचाच हा प्रकार. जंतुनाशासाठीं ती चांगली, पुटासाठीं नव्हे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा एक उपाय हल्लीं जो तो सांगतो. फसफस पाहण्यास मौज वाटते खरी, पण ती त्या दोघांचीच आपसांतील झटापट. एकाचें अम्लत्व दुसऱ्यानें मारलें कीं पुटासाठीं कांहींच शिल्लक राहत नाहीं. व्हिनेगर टाकावयाचें तर एकटें टाकावें.

चुनखडीस अम्लच हवें. पितळेच्या भांड्यांस चिंच लावणारी आपली आजी हें जाणत होती. मात्र चिंचेंतील टार्टारिक अम्लाचा चुन्याशीं संयोग झाला असतां जो क्षार होतो तो पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, म्हणून येथें चिंच कामाची नाहीं. लिंबाचा रस चालतो, परंतु संडासासाठीं लिंबें पिळणें आमच्या मनास रुचत नाहीं. त्याऐवजीं वाण्याकडे जें लिंबूसत्व किंवा सायट्रिक अ‍ॅसिड म्हणून साखरेसारखें दाणेदार मिळतें, तें आम्ही सर्वांत उत्तम समजतों. त्यास वाफ नाहीं, उग्र वास नाहीं, आणि घरांत मुलें असतां तें त्यांतल्या त्यांत निर्धोक. तरी डबा वेगळा ठेवून त्यावर ठळक अक्षरांत नांव लिहावें. साखरेच्या डब्याशेजारीं त्यास स्थान नाहीं.

रीत अशी. प्रथम भांड्यांतील सांचलेलें पाणी शक्य तितकें कमी करावें. लांब दांड्याच्या ब्रशानें पाण्यास आंतल्या वळणाकडे आठ-दहा वेळां जोरानें ढकललें असतां पातळी खालीं जाते. उरलेलें जुन्या मगानें काढावें. हें न करतां वरून औषध ओतणें म्हणजे तें पाण्यांत मिसळून निम्मेंशिम्में वायां घालविणें होय, आणि दहांपैकीं नऊ घरीं हेंच होतें. नंतर एक लिटर कोमट पाण्यांत १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवावें. उकळतें पाणी घेऊं नये. एक तर चिनी मातीचें भांडें तडकण्याचें भय, आणि दुसरें, चुन्याचा सायट्रेट क्षार ऊन पाण्यांत कमी विरघळत असल्यामुळें त्याचाच नवा पांढरा थर बसतो. हें द्रावण रात्रीं सर्व मंडळींचें आटोपल्यावर पुटावर ओतावें.

पाण्याच्या रेषेखालील कडें यानें भिजत राहील. कांठाखालच्या ओघळांवर मात्र द्रावण ठरत नाहीं, घसरून खालीं येतें. तेथें जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या चिंध्या द्रावणांत भिजवून पोटीस बांधल्याप्रमाणें चिकटवाव्या, आणि झोंपण्यापूर्वीं एकदां पुन्हां ओल्या कराव्या. सकाळीं चिंध्या काढून टाकाव्या (भांड्यांत सोडूं नयेत, नळ तुंबेल), ब्रशानें घांसावें, पाणी सोडावें. वर्षाचें पुट एका रात्रींत जाणार नाहीं. ताजें अम्ल घेऊन तीन-चार रात्री ओळीनें करावें. अम्ल चुन्यावर खर्च होतें. कालचें द्रावण आज निष्प्राण असतें. व्हिनेगरनेंहि हेंच काम होतें, परंतु त्यांत अम्ल शेंकडा चार-पांचच असल्यामुळें तें लिटरनें लागतें आणि घरभर वास सुटतो.

जें जाड कवच इतकें करूनहि राहील, तें पाय घांसण्याच्या सच्छिद्र हलक्या दगडानें, दगड आणि पुट दोन्ही ओलीं ठेवून, हलक्या हातानें झिजवावें. तारेची घासणी, सुरी, पॉलिश-कागद यांस हात लावूं नये. भांड्याची झिलई ही कांच आहे. तीवर एकदां ओरखडे पडले कीं पुढचें पुट त्या ओरखड्यांत दुपटीनें धरतें, आणि तें दुखणें मग भांडें बदलल्यावांचून जात नाहीं.

बाजारांतील शौचकूप साफ करण्याच्या पातळ औषधांत बहुधा हायड्रोक्लोरिक अम्ल शेंकडा दहाच्या आसपास असतें. तीं काम लवकर करतात यांत शंका नाहीं. रबरी हातमोजे घालून, खिडकी-दार उघडें ठेवून, वेष्टनावर सांगितलेल्या वेळेपुरतीं वापरण्यास आमची हरकत नाहीं. आमची हरकत आहे ती सुट्या बाटलींतून येणाऱ्या तीव्र अ‍ॅसिडास. त्याच्या वाफेनें नळांची चकाकी जाते, पोलादावर गंज चढतो आणि माणसाचा घसा धरतो. त्याचे शिंतोडे डोळ्यांत गेले तर डोळा जाऊं शकतो. अशा वेळीं निदान पंधरा-वीस मिनिटें वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं डोळा धरावा आणि तसेंच डॉक्टरांकडे जावें, सोडा वगैरे कांहीं घालूं नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या आदेशानंतर असें अ‍ॅसिड किरकोळ विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाचें ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी व अठरा वर्षांखालील व्यक्तीस तें देऊं नये, असा दंडक झाला आहे. तरी हातगाडीवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून तें विकावयास आलें तर घेऊं नये.

अम्ल भांड्याबाहेर सांडूं नये याविषयीं आम्ही विशेष आग्रही आहों, आणि त्याचें कारण पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. आपल्या न्हाणीघरांतून व संडासांतून जी शहाबादी फरशी असते ती चुनखडकच आहे. कोटा फरशीहि चुनखडकच, आणि संगमरवर त्यांचाच थोरला भाऊ. जें अम्ल भांड्यावरील पुट खातें तें ही फरशीहि तितक्याच आवडीनें खातें; फेंस येतो, गृहिणी म्हणते मळ निघाला, आणि निघालेली असते ती फरशीची पाठ. मोझेइकच्या लाद्यांतील संगमरवरी तुकड्यांची व सांध्यांतील सिमेंटची गत तीच. फरशी आधीं पाण्यानें ओली करून ठेवावी, म्हणजे पडलेला थेंब मुरणार नाहीं, आणि लगेच धुवून काढावा.

हें काम करावें कोणी? घरकामास येणाऱ्या बाईंच्या हातीं बाटली देऊन आपण दिवाणखान्यांत बसणें, हीच बहुतेक घरांची रीत. त्या बाईंस वेष्टनावरील बारीक इंग्रजी अक्षरें वाचतां येत नाहींत, हातमोजे कोणी दिलेले नसतात, आणि लवकर उरकावें म्हणून त्या दोन औषधें एकत्र करतात. तेव्हां जें होतें तें आमच्या पत्रलेखिकेनें भोगलेंच आहे. रत्नागिरीच्या तुरुंगांत १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैलासफाईचें काम आपणांस मिळावें म्हणून अन्नसत्याग्रह केला आणि येरवड्याहून गांधीजींनीं त्यांस साथ दिली, ही गोष्ट आपण मुलांस अभिमानानें सांगतों. मग घरांतील कर्त्या पुरुषांनीं महिन्यांतून एक रात्र हें द्रावण स्वतः करून ओतावें यांत कांहीं अधिक मागितलें असें होत नाहीं. अकरा माणसांच्या घरांत पाळी लावली तर एकाच्या वांट्यास वर्षांतून एकदां, फार तर दोनदां येईल.

पुट काढल्यावर तें पुन्हां धरूं नये यासाठीं पहिली तपासणी टांकीची. ओघळ एकाच जागीं उतरलेले असतील तर बहुधा टांकींतील झडपेचें रबर झिजून पाणी अहोरात्र झिरपत असतें. टांकींत दौतींतील निळी शाई थोडी ओतावी आणि अर्धा तास कोणीं साखळी ओढूं नये किंवा बटण दाबूं नये. भांड्यांत निळी छटा आली तर रबर बदलावें. खर्च थोडा, आणि पाणीहि वांचतें. दुसरें, पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रांतून जें टाकाऊ पाणी निघतें तें काटकसर म्हणून संडासांत ओतण्याची पद्धत आहे. काटकसर योग्यच, परंतु यंत्रानें गाळून वेगळे केलेले सारे क्षार त्याच पाण्यांत एकवटलेले असतात. तें जरूर वापरावें, मात्र शेवटचा तांब्या साध्या पाण्याचा असावा, म्हणजे भांड्यांत तें सांचून राहणार नाहीं. तिसरें, दर आठवड्यास मूठभर लिंबूसत्व रात्रीं टाकून सकाळीं ब्रश फिरवावा; कोवळें पुट असतां जें पांच मिनिटांत जातें तेंच पुढें पांच रात्री घेतें.

साऱ्या इमारतीनें मिळून पाणी सुफेन करण्याचें यंत्र बसवावें काय, असेंहि त्या भगिनींनीं विचारलें आहे. त्यांतील राळेचे मणी पाण्यांतील कॅल्शियम घेऊन सोडियम देतात, आणि ठराविक काळानें मिठाच्या पाण्यानें ते पुन्हां ताजे करावे लागतात. यंत्र खरोखर काम करतें. पण मिठाचा खर्च, धुण्यांत जाणारें पाणी आणि तें चालवावयास जबाबदार माणूस, या तिन्हींचा आधीं विचार व्हावा. रक्तदाबाच्या रोग्यांनीं तें पाणी पिण्यासाठीं घेण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. नळास चुंबक बांधून पाणी मऊ होतें म्हणून जीं साधनें विकतात त्यांवर आमचा विश्वास बसलेला नाहीं.

गीझरमधील तापनकांडीवर बसणारें पुट याच जातीचें असलें तरी तें काढण्याची रीत निराळी, आणि तींत विजेचा संबंध येतो. दोघां वाचकांनीं त्याविषयीं विचारणा केली आहे. तें पुढील अंकीं.